साडूने दिलेल्या स्प्रिंगा

माझ्या साडूने मला फसवलं. गाडीच्या बॉनेटच्या स्प्रिंगांवरून फसवलं, आणि तेही स्वतःच्या चांगल्या स्प्रिंगा मला देऊन आणि माझ्या टाकाऊ स्प्रिंगा स्वतः घेऊन. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. सासरच्या मंडळींना तर इतकं उलटं वाटतं की आजही मी विषय काढला की कुणीतरी म्हणतंच, "अहो, चांगली वस्तू त्यांनी दिली आणि बोंब तुम्ही मारता?" म्हणून एकदा सगळं पहिल्यापासून लिहून ठेवतो. समोर मी त्याला अहो-जाहो करतो. इथे करणार नाही.

तो ठाण्याला नौपाड्यात राहायचा. बँकेत अधिकारी होता. वडील डॉक्टर, त्यामुळे राहती जागा, काचेच्या कपाटातली पुस्तकं आणि बोलण्यातला तो सावकाशपणा, सगळं त्याला आयतं मिळालेलं. माझं कल्याणला वालधुनीच्या बाजूला जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. दुकान म्हणजे आज दुकान. सुरुवात हातगाडीवर जुने टायर ढकलण्यापासून झाली, आणि ती हातगाडीही भाड्याची होती.

आम्ही दोघं एकाच घरचे जावई. मी थोरला, तो धाकटा. सासरे ठाकुर्लीला राहायचे, दोन खोल्या आणि पुढे ओटा. धाकटा जावई आला की सासरे पेपर खाली ठेवून विचारायचे, "काय जावईबापू, या सरकारचं काय होणार?" मी आलो की विचारायचे, "पाण्याची मोटर कुरकुर करतेय, बघता का जरा?" मी बघायचो. हात काळे करून परत येईपर्यंत सरकारचं काय व्हायचं ते दोघांनी ठरवून टाकलेलं असायचं. जेवायला बसलो की श्रीखंडाचं भांडं आधी त्याच्या पानाकडे वळायचं. सासूबाई मुद्दाम करायच्या असं मी म्हणत नाही. त्यांचा हात आपोआप तिकडे जायचा, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा.

त्याच्याकडे वडिलांची गाडी होती. इंग्रजी बनावटीची, पन्नास सालच्या सुमाराची, चार दारांची. गोल नाक, बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे, सायीचा रंग. वर्षातून एकदा-दोनदा तो ती ठाकुर्लीला आणायचा. सासरे इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या सीटवर बसायचे आणि स्टेशनपर्यंत चक्कर मारून यायचे. उतरताना त्यांचा चेहरा असा दिसायचा की जणू याच दिवसासाठी त्यांनी मुलगी दिली होती. माझ्या टेम्पोतून त्यांनी अख्खं घर हलवलं होतं. तेव्हा मी त्या चेहऱ्याची वाट बघितली होती. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "कपाटाला ओरखडा गेला बघा."

पुढे मला कळलं की मोहने गावाच्या बाजूला एका बंगल्यामागे तसलीच गाडी पडून आहे. तेच मॉडेल. मी त्याच दिवशी गेलो. चिंचेखाली गाडी, आणि गाडीत कोंबड्या. मालकीणबाईंना गाडीचं काही नव्हतं, पण कोंबड्या कुठे जातील याची काळजी होती. मी उभ्या उभ्या सौदा केला. गाडी माझी, बदल्यात कोंबड्यांना जाळीचं नवं खुराडं, दार बिजागरीचं. बाई म्हणाल्या, "दोन खण करून द्या." मी म्हणालो, "मग जॅक आणि स्टेपनीही मी नेणार." जमलं.

बायको म्हणते, त्याच्याकडे होती म्हणून तुम्ही घेतलीत. मग? त्याच्याकडे नसती तर अशी गाडी असते हे मला कळलं कुठून असतं?

इंजिन मी स्वतः खोलून बांधलं. सीटा उल्हासनगरहून शिवून आणल्या. काचा, दिवे, दाराच्या मुठी, सगळं कुठून कुठून मिळवलं. एकच गोष्ट मिळेना, ती म्हणजे बॉनेट. माझ्या गाडीचं बॉनेट गंजून पापड झालं होतं. बोट लावलं की तुकडा हातात यायचा. त्या मॉडेलचं पत्र्याचं बॉनेट मुंबईच्या जुन्या बाजारातही कुणाकडे नव्हतं, आणि जिथे मी विचारून 'नाही' ऐकलं तिथे ते नसतंच, एवढी माझी त्या बाजारात ओळख होती.

अशात सर्वांत धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं. साखरपुड्यानंतर ओट्यावर सगळे चहा घेत बसलो होतो. ती म्हणाली, "भाड्याच्या टॅक्सीतून मी सासरी जाणार नाही. दोन्ही भावोजींकडे राजेशाही गाड्या असताना?" साडू हसला आणि म्हणाला, "आमची हजर आहे." मी म्हणालो, "आमचीही होतेय." सासऱ्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "थोरल्या जावयाचा मान पहिला. त्यांची गाडी तयार झाली, तर पोरगी त्यांच्याच गाडीतून जाईल."

त्या घरात माझ्याकडे बघून 'पहिला' हा शब्द कुणी उच्चारलेला मी कधी ऐकला नव्हता. साडू चहा पीत राहिला. मी त्याच्याकडे बघत होतो. त्याची भुवईसुद्धा हलली नाही. मला तेव्हाच समजायला हवं होतं. ज्याला काही गमवायचं असतं त्याची भुवई हलते. ज्याने मनात काही ठरवलेलं असतं तो शांत चहा पितो.

बॉनेटचा मार्ग मीच काढला. दुर्गाडीला खाडीच्या काठी एक कोळी फायबरचं काम करायचा. त्या काळात जुन्या लाकडी होड्यांना बाहेरून फायबरचा थर चढवून घ्यायची पद्धत नवी नवी आली होती. होड्या करता करता तो पाण्याच्या टाक्या, मखरं, असं काहीही करून द्यायचा. त्याला साचा लागणार होता, आणि अख्खं बॉनेट होतं फक्त साडूकडे. त्याच्याही बॉनेटला खाडीच्या हवेने आतून गंज लागला होता, पण आकार शाबूत होता. मी त्याला म्हणालो, एकाचं करण्यापेक्षा दोघांची करू, भाव पाडून घेतो. तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, साडूभाऊ." त्याचं हे 'तुम्ही म्हणाल तसं' मला कधीच आवडलं नाही. मला घासाघीस करणारा माणूस समजतो. 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणणाऱ्याच्या मनात काय आहे ते कळत नाही.

खाडीवर आम्ही दोघं गेलो. कोळी उघड्या अंगाने, फायबरची खाज सुटू नये म्हणून हातांना तेल चोपडून बसला होता. मी भाव पाडायला सुरुवात केली. साचा आमचा, दोन नग एकदम, शिवाय दुकानात बसून दहा गाडीवाल्यांना मी तुझं नाव सांगणार. तो हसत होता. ताठ माणूस होता, दबणारा नव्हता.

"शेट, तुमी जरा बोलाचं थांबा," तो म्हणाला. "या फायबरच्या बॉनेटाचं मना एक सांगाचंय."

"ते नंतर. आधी माझ्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाचं बोल. दोन बॉनेटं घेतोय, झाकण त्यात आलं पाहिजे."

"झाकन? मंग उद्या होरीपन मागाल फुकट!"

"होडीचं मी काय करू? वालधुनीच्या नाल्यात सोडू?"

तो खदखदून हसला. झाकणावर आमची चांगली रंगली आणि झाकण मी मिळवलंच. त्याला बॉनेटचं जे सांगायचं होतं ते मात्र राहूनच गेलं, कारण तेवढ्यात भरती आली आणि तो होडी ओढायला गेला. आठवड्याने बॉनेटं तयार झाली. मी दुकान सोडून जाऊ शकलो नाही. साडू टेम्पो घेऊन एकटा गेला, आपलं घेतलं आणि माझं माझ्या दुकानावर उतरवून गेला. हे लक्षात ठेवा, तो एकटा गेला होता.

बॉनेट सुरेख झालं होतं. पत्र्याचं उचलायला दोन माणसं लागत, हे मी एका हाताने उचललं. मी गडद लाल रंग मारून घेतला.

आता स्प्रिंगांचं. या गाड्यांचं बॉनेट मागे, काचेच्या बाजूला, दोन बिजागऱ्यांवर फिरतं. प्रत्येक बिजागरीला एक जाड स्प्रिंग असते. बॉनेट उघडलं की त्या दोन स्प्रिंगा त्याचं वजन पेलून धरतात. माझ्या स्प्रिंगा चिंचेखाली वर्षानुवर्षं ताणलेल्या राहून ढिल्या पडल्या होत्या. आमच्या धंद्यात स्प्रिंग पारखायची रीत अशी: दोन्ही टोकं धरून ताणायची. ताणताना दंड भरून आला तर तो माल. सहज ताणली गेली तर ते भंगार, वजनावर द्यायचं. बाप सांगतो, मुलगा ऐकतो, कुणी त्यापुढे विचार करत नाही. मी हजारो स्प्रिंगा अशा पारखून विकल्यात.

एका रविवारी सकाळी साडू दुकानावर आला. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. माझ्या दुकानात बसताना तो नेहमी खुर्ची आधी रुमालाने पुसायचा. त्या दिवशीही पुसली.

"साडूभाऊ, तुमच्या बॉनेटच्या स्प्रिंगा कशा आहेत हो?"

"ढिल्या. का?"

"माझ्या फार कडक आहेत. वडिलांनी बदलून घेतल्या होत्या, नंतर गाडी फारशी बाहेर निघालीच नाही. म्हटलं, लग्नात मान तुमच्या गाडीचा. तिला चांगल्या असाव्यात. अदलाबदल करू या?"

"आणि तुम्ही भंगार लावणार?"

"मला काय, कधीतरी बॉनेट उघडायचं. चालून जाईल."

मी पिशवीतून स्प्रिंगा काढल्या. काय स्प्रिंगा होत्या! ताणताना खांद्यापर्यंत शिरा फुगल्या. तडा आहे का बघितलं, नव्हता. गंज नव्हता, टोकाचे आकडे जिथल्या तिथे. चांगला माल देऊन वाईट माल घेणारा माणूस समोर आला की व्यापारी आधी मालात खोट शोधतो. मला मालात खोट सापडली नाही. मग मी ठरवलं की माणूस मूर्ख आहे. मूर्ख माणूस समोर बसलेला असताना हात आखडता घेणं माझ्या स्वभावात नाही.

"हे ठीक आहे," मी म्हणालो, "पण माझ्या चाकांच्या झाकण्या फुटक्या आहेत. तुमच्या चकचकीत आहेत. लग्नापुरत्या काय, त्याही देऊनच टाका."

"चारही?"

"तीन लावून मिरवू का?"

तो हसला. "बरं, घ्या. घरचंच लग्न आहे."

एका शब्दाची घासाघीस नाही. त्या दिवशी मी बायकोला सांगितलं, तुझ्या बापाच्या आवडत्या जावयाला मी आज सोलून काढला. ती म्हणाली, "त्यांनी तुम्हाला दिलं हो." मी म्हणालो, "तेच ते."

कडक स्प्रिंग बिजागरीत बसवणं हे हातघाईचं काम असतं. ती नुसती ओढून आकड्यात जात नाही. व्हाइसच्या जबड्यात धरून एका बाजूला वाकवायची, वेटोळ्यांच्या फटी उघडल्या की त्यात वॉशर सरकवायचे, मग दुसऱ्या बाजूला वाकवून तिकडेही सरकवायचे. असे वॉशर भरून स्प्रिंग लांब झाली की तशीच नेऊन आकड्यात अडकवायची. मग बॉनेट जरा खाली आणलं की स्प्रिंग आणखी ताणते आणि वॉशर टपाटप गळून पडतात. मी दोन्ही बसवल्या. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. बॉनेट जरा उचललं, तर ते हातातून सुटून वर गेलं आणि सलाम ठोकल्यासारखं ताठ उभं राहिलं. मला भारी वाटलं.

मग बंद करायला गेलो.

पुढून दाबलं, कुलूप लागलं, पण काचेकडचे दोन्ही कोपरे वर आले. कोपरे दाबले तर मधे फुगवटा आला. मला वाटलं बिजागरी तिरकी आहे. बिजागरी सरळ केली. मग वाटलं रंगाचा थर आड येतोय. घासला. मग आतून लोखंडी पट्टी मारून बोल्ट आवळले आणि पुढचं कुलूप घट्ट केलं. शेवटी बॉनेट बसलं. म्हणजे बसवलं मी.

बायको बाजूला उभी होती. "पोट आत ओढून उभं राहिल्यासारखं दिसतंय," ती म्हणाली.

"तुला कुणी विचारलं?"

"मी आपलं दिसलं ते बोलले."

लग्नाआधी आमच्याकडे नवरीचं केळवण होतं. साडू आपल्या गाडीतून आला. त्यानेही नवं बॉनेट बसवलं होतं, सायीच्या रंगाचं. जेवणं झाल्यावर सगळी मंडळी खाली रस्त्यावर आली, आणि सासऱ्यांनी सहज म्हटलं, "बघू तरी नवं बॉनेट." त्याने उचललं. ते सावकाश वर गेलं आणि थांबलं. मग त्याने दोन बोटं टेकवली, ते खाली आलं, आणि टक्. बस्स. कुठे फट नाही, फुगवटा नाही. माझ्याकडून घेतलेल्या भंगार स्प्रिंगांवर. सासूबाई म्हणाल्या, "किती नाजूक बंद होतं!" मेहुणीने स्वतः उघडून, बंद करून बघितलं. टक्.

मी सहसा कुणाला काही विचारत नाही. मला विचारायला लोक येतात. पण त्या दिवशी मी मंडळी वर जाईपर्यंत थांबलो आणि त्याला विचारलं. अगदी सरळ विचारलं.

"काय हो, तुमचं इतकं अलगद कसं बसतं? माझं दाबून बसवावं लागतंय."

त्याने रुमालाने बोटं पुसली. म्हणाला, "नशीब, साडूभाऊ."

हा शब्द मी विसरलेलो नाही.

लग्न वैशाखातलं, डोंबिवली पूर्वेच्या एका हॉलमध्ये. सकाळीच मी गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या, बॉनेटवर मोगऱ्याची जाळी पसरली. पत्री पुलावरून डोंबिवलीत येईपर्यंत लोक माना वळवून बघत होते. हॉलबाहेर गाडी उन्हात उभी राहिली. दुपारभर उभी राहिली. मुहूर्त लागला, पंगती उठल्या. मी अधूनमधून बाहेर येऊन गाडीभोवती जमलेल्या पोरांना हाकलत होतो. सासरे पाहुण्यांना बाहेर आणून दाखवत होते, "ही आमच्या थोरल्यांची. स्वतः उभी केलीय." मी ऐकलं. त्यांना वाटलं मी लांब आहे, पण मी ऐकलं.

पाठवणीची वेळ झाली. सासूबाई रडत होत्या, बायको रडत होती. नवरी ओटीचा नारळ सांभाळत पायऱ्या उतरली. नवरदेवाच्या मामाने मागचं दार उघडलं. मी फेटा नीट करून पुढे बसलो आणि गाडी सुरू केली. इंजिनाने हिसका दिला, बॉनेट थरथरलं, आणि फाट् असा आवाज झाला.

उजव्या बिजागरीपाशी फायबर फाटलं होतं. स्प्रिंगेने तो कोपरा हातभर वर फेकला. मधून एक तडा पार दिव्यापर्यंत गेला. मोगऱ्याची जाळी तुटून फुलं रस्त्यावर पडली.  मग मुलाकडच्या कुणीतरी हळूच म्हटलं, "अरे, गाडीने जबडा वासला," आणि जे हसायचे ते हसले.

"हिच्यातून नको हो," मामा म्हणाले. "वाटेत काही उडालं म्हणजे?"

कुणा म्हातारीने भर घातली, "शुभकार्याला मोडकी वस्तू नको. पोरीला उतरवा."

ती अजून चढलीही नव्हती. एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. बिचारी काहीतरी बोलणार होती, पण सासऱ्यांनी माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हटलं, "धाकट्यांना म्हणावं, गाडी पुढे घ्या."

धाकट्यांची गाडी कोपऱ्यावर सावलीत उभी होती. धुतलेली, आणि पुढे हार बांधलेली. मी सगळ्यांना आजवर हेच विचारत आलोय. मान माझ्या गाडीचा होता, नवरी माझ्या गाडीतून जाणार होती, मग त्याच्या गाडीला हार कशाला? बायको म्हणते, लग्नाला आलेल्या गाडीला हार असतोच. मी आजूबाजूला बघितलं होतं. इतर गाड्यांना नव्हता.

माझ्या खिडकीशी वाकून तो म्हणाला, "होतं असं, साडूभाऊ. मी आहे ना." आणि ती त्याच्या गाडीतून गेली. मी फेटा सोडून बॉनेट बांधलं आणि कल्याणला परत आलो.

दुसऱ्या दिवशी मी तुकडा घेऊन दुर्गाडीला गेलो. डोक्यात आग होती. होड्यांच्या रांगेतून ओरडतच गेलो. कोळ्याने फाटलेली कड हातात घेतली, उलटीपालटी केली.

"कंच्या स्प्रिंगा लावल्या?"

"ओरिजनल. कडक. नंबर एक."

"कडक!" त्याने कपाळावर हात मारला. "शेट, लोखंडाच्या वजनाच्या स्प्रिंगा त्या. ह्ये किती हलका हाय! त्यांना उचलाला वजनच नाय, मंग त्या फायबरलाच फाडनार. जुन्या, सैल झालेल्या लावाच्या. नायतर एकेक काढून टाकाची. तुमच्या साडूंना मी सगला समजावला व्हता. गारी घेऊन आले त्याच दिवशी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमाला सांगाला लागलो, तं तुमी झाकनाचा काढला. ते बोलले, मी सांगतो त्यांना. मी बोललो, बरा."

मी तिथेच होडीच्या काठावर बसलो. म्हणजे पिशवी घेऊन तो माझ्या दुकानात आला तेव्हा त्याला माहीत होतं. सैल स्प्रिंगा हव्या होत्या, आणि तालुक्यात त्या मॉडेलच्या सैल स्प्रिंगा एकाच माणसाकडे होत्या. त्याने त्या माझ्याकडून उचलल्या आणि स्वतःच्या नकोशा मला 'दिल्या'. माझ्याच धंद्याची पारख माझ्यावर उलटवली, आणि मी वर चाकांच्या झाकण्या मागून खूश झालो. मूर्खाला सोलतोय असं मला वाटत होतं.

मी दिवाळीपर्यंत थांबलो. भाऊबीजेला सगळे ठाकुर्लीला जमतात. जेवताना, सगळ्यांसमोर, मी त्याला विचारलं. कोळ्याने तुम्हाला सांगितलं होतं ना? त्याने घास संपवला. घोटभर पाणी प्याला. मग म्हणाला, "हो, असं काहीतरी म्हणाला होता. पण मला वाटलं, तुम्हाला ते माहीतच असणार. तुम्ही तर याच धंद्यातले."

सगळे हसले. सासरेही. "खरंय की," ते म्हणाले. मी ताटावरून उठलो. मागून सासूबाईंचा आवाज आला, "किती हा संताप!" म्हणजे संताप मोजला गेला. त्याने काय केलं ते कुणी मोजलं नाही.

तेव्हापासून घरात ठरून गेलंय की मी तापट आणि तो समजूतदार. मेहुणीच्या घरी भिंतीवर फोटो आहे. सायीच्या रंगाची गाडी, खिडकीत तिचं रडवेलं तोंड, आणि गाडीशेजारी साडू, जणू त्याने कन्यादान केलंय. फोटोच्या अगदी कडेला माझ्या गाडीचं पुढचं चाक दिसतं, बाकी मी कुठेच नाही. तिची मुलं त्याला अजून विचारतात, "काका, आई तुमच्याच गाडीतून आली ना?" तो मान डोलावतो. सासऱ्यांनी पुढे कधी माझ्या गाडीचा विषय काढला नाही. मी नवं बॉनेट बसवलं, स्प्रिंगा सैल करून बसवल्या, दोन बोटांनी बंद होईल असं केलं आणि मुद्दाम ठाकुर्लीला घेऊन गेलो. ते ओट्यावरून म्हणाले, "अरे वा." पण गाडीत बसायला उतरले नाहीत. पुढे ते गेले. आता 'पहिला' म्हणणारं त्या घरात कुणी उरलं नाही.

लोक म्हणतात, एवढ्याशा स्प्रिंगांचं काय घेऊन बसलात, वर्षं किती झाली. मला बॉनेटची भरपाई नको. चाकांच्या झाकण्या मी केव्हाच त्याच्या दारात नेऊन ठेवल्या. तो म्हणाला, "अहो, राहू द्या ना," आणि घेतल्या.

मला एक उत्तर हवं आहे, आणि ते त्याने मला द्यायचं आहे. बायकोने नाही, मेहुणीने नाही. केळवणाच्या दिवशी, रस्त्यावर, आपण दोघंच असताना, मी तुला सरळ विचारलं होतं. लग्नाला अजून वेळ होता. तुझ्या एका वाक्याने दोन स्प्रिंगा निघाल्या असत्या आणि ती पोरगी माझ्या गाडीतून गेली असती. तेव्हा तू नशिबाचं नाव सांगितलंस. ते नशीब नव्हतं हे तुला त्या क्षणी माहीत होतं. मग बोलला का नाहीस? 'मला वाटलं' चालणार नाही. हसून चालणार नाही. या भाऊबीजेला, जे तेव्हा हसले त्यांच्यातले जे कुणी उरलेत त्यांच्यासमोर, सांग. का नाही बोललास?